वामनरावांच्या बागेत उतरलेलं रॉकेट

रवि., ८ फेब्रु. अकोट.
दुसरं रॉकेटही गेलं. वर जाताना सरळ, देखणं. उतरताना पॅराशूट नाही, नुसता धूर. दादाच्या वेचणी झालेल्या वावरात हातभर रुतलं. उकरून काढलं तर पॅराशूटची जळून चिंधी. चूक माझीच. पॅराशूट बाहेर ढकलायला आत छोटा भडका होतो, त्याची आच लागू नये म्हणून मध्ये घरचा कापूस कोंबला होता. फुकटचा, मऊ, घरात पोत्यांनी पडलेला. दादा म्हणाला, "कापूसवाल्याची पोरगी तू. कापूस पेटते हे बी मीच सांगू काय?" अकरावीला फिजिक्स शिकवते मी. लाज वाटली.

गुरु., १२. अमरावती.
कापसाऐवजी कागद. टाकणखाराच्या पाण्यात बुडवून वाळवला, काडी लावून पाहिली. पेटला नाही, काळा पडला फक्त. नवं पॅराशूट शिवलं, लाल. घाईत जरा मोठंच झालं, असो.
नवरा म्हणतो, "पोरायले फळ्यावर दाखव ना, झालं." एकदा तरी ते धड खाली यायला हवं. या रविवारनंतर दादा वावरात ट्रॅक्टर घालणार.

रवि., १५. अकोट.
उघडलं. उघडलं एकदाचं. मी नाचले, वहिनीपण. मग वारं सुटलं. मोठं पॅराशूट, डुलत डुलत धुऱ्याचा बांध ओलांडून थेट शेजारच्या वामनरावांच्या संत्र्याच्या बागेत. एवढं रिकामं वावर सोडून... उंची मोजणारं यंत्र आतच आहे. किती वर गेलं ते त्यालाच ठाऊक.
दादा खाली बघत उभा. धुऱ्यावरून भांडण झालं तेव्हापासून आठ वर्षं दोघांत शब्द नाही. वहिनी पुटपुटली, "दुसऱ्या कोनाची बाग नाही भेटली तुमच्या रॉकेटले."

सोम., १६. रजा टाकली.
स्वतः गेले वामनरावांकडे. चहा दिला, रॉकेट नाही. "बाई, तुमच्यावर राग नाही. पन मांगायले भावाले धाडा."
दादाला सांगितलं. "म्या नाई जात. तुले दुसरं बनवता येते." येतं. पण धड उतरलेलं हे एकच आहे, हे त्याला कसं सांगू? संतापून बसने परत.

बुध., १८. अमरावती.
वहिनीचा फोन. लाल कापड अजून फांदीवर, वावरातून दिसतं. दादा सकाळी तिकडे निघाला होता, धुऱ्यापर्यंत गेला, थोडा वेळ थांबला आणि परत आला. वामनराव म्हणे त्या झाडाखालीच खाट टाकून बसतात, वाट पाहिल्यासारखे.
दोघंही साठीचे. काय म्हणावं यांना?
नुसती चिडचिड होते आहे. आपटून फुटलं असतं तर एक ओळ लिहून मोकळी झाले असते.