पाण्याखालचा ठेंगा

दि. ४ फेब्रुवारी

ती. मामा यास,
गप्पूचा सा. न. वि. वि.

माझं पत्र बघून तुला वाटेल, घरात काही झालं की काय. काही झालं नाही. फोनच करणार होते. दोनदा नंबर लावलासुद्धा. पण तू हॅलो म्हणालास की माझ्या तोंडाला कुलूप लागतं. ते दोन मुके फोन माझेच होते.

बातमी अशी की आई परत डायव्हिंग करणार आहे. पाठीला हवेची टाकी बांधून समुद्रात खाली उतरायचं, तुम्ही दोघं जायचात ना, तेच. मागच्या आठवड्यात लाँड्रीतून येताना तिने एक भलं मोठं गाठोडं आणलं. मला म्हणाली, जुने पडदे आहेत. पडद्याला पाय असतात का मामा? आत काळा रबरी सूट होता, कुणाचा तरी वापरलेला. पायात घालायचे फिन्स पण मिळालेत, एक निळा आणि एक पिवळा. दुकानदार म्हणाला म्हणे, जोडी असती तर दुप्पट लागले असते, आणि माशांना रंग कळत नाहीत. मास्क तिचा स्वतःचाच, माळ्यावरून काढलेला. रोज सकाळी मोरीत जाऊन त्यात थुंकते. मला आधी वाटलं पोट बिघडलं. मग कळलं, थुंकी चोळली की काचेवर वाफ धरत नाही.

सुटाचा डावा गुडघा फाटलाय. आई म्हणाली, तू सीट कव्हरवाल्यांकडे कामाला आहेस, मग शिव की. मी हो म्हटलं, पण रबर कधी शिवलं नाही. तू सांग कसं करायचं.

अजून एक. क्लबवाले सर एकटीला पाण्यात सोडत नाहीत, जोडीदार लागतो. आईने सांगितलंय, कुणीही चालेल, भाऊ सोडून. का म्हणून विचारलं तर एवढंच म्हणते की त्याने मला ठेंगा दाखवला. सहा वर्षं हेच एक वाक्य. मामा, आईने तुझ्याकडे असं काय मागितलं होतं, जे तू दिलं नाहीस? ते अजून असेल तर देऊन टाक ना. तुम्ही दोघं परत बोलावं असं मला फार वाटतं. घरात बोलणारी माणसं आधीच कमी आहेत.

उत्तर वर्कशॉपच्या पत्त्यावर पाठव. आईला यातलं काही माहीत नाही. माझ्यावर लोभ आहेच, तो जरा तिच्याकडेही वळव.

तुझी,
गप्पू


दि. १० फेब्रुवारी

चि. गप्पू हिस,
मामाचे अ. उ. आ.

म्हणजे ते भूत तू होतीस! मला वाटलं कर्जवाले. दुसऱ्या फोनला मी जे काही बोललो ते विसरून जा, आणि तुझ्या आईपुढे तर अजिबात म्हणून दाखवू नकोस.

आधी गुडघा. डायव्हिंगच्या सुटाचा वेगळा गम मिळतो, चपलेचा वापरू नकोस. फाटलेल्या दोन्ही कडांना पातळ लाव, वाळू दे, परत लाव. बोट लावलं की चिकटायला हवं पण सुटायला हवं, अशा वेळी कडा दाबून जोड. मग वरून शिव, पण सुई आरपार घालायची नाही. रबराच्या अर्ध्यातूनच वळवून बाहेर काढायची. आरपार गेली की प्रत्येक भोकातून थंडगार पाणी आत, आणि तुझी आई चिडली की पाणीसुद्धा उकळतं, हे वेगळं.

दुसरं, नीट वाच. सूट, फिन्स, मास्क जुने चालतात. श्वास घ्यायची तोंडणी आणि तिची नळी मात्र जुनी घेतली असेल तर तपासल्याशिवाय वापरायची नाही. मी फ्रीजवाला आहे, आयुष्य गॅसच्या नळ्यांत गेलं, तरी मी ती उघडत नाही. त्याचा शिकलेला माणूस वेगळा असतो. परवडत नसेल तर क्लबची भाड्याने घ्यावी. हे तिला तुझं म्हणून सांग, माझं नाव काढलंस तर मुद्दाम उलट करेल.

राहिला ठेंगा. मी तिला आयुष्यात काही नाही म्हटलेलं नाही. उलट तीच मला खाली सोडून गेली. त्या दिवशी माझ्या टाकीचा काटा लालवर आला. मी तिला वर चल अशी खूण केली. तिने पाहिली, तोंड फिरवलं आणि गेली निघून. मी एकटा वर आलो. बोटीत बसून ती येईपर्यंत जी दहा मिनिटं काढली, तशी शत्रूवरही येऊ नयेत. ती वर आली, मी ओरडलो, ती माझ्यावर दुप्पट ओरडली. तेव्हा जे बंद झालं ते झालं. मोठी बहीण आहे म्हणून किती ऐकायचं?

टाके दाखव कधीतरी. लोभ घट्ट आहे, गळती नाही.

तुझा,
मामा


दि. १७ फेब्रुवारी

ती. मामा यास,
सा. न. वि. वि.

बसला असशील तर वाच, उभा असशील तर आधी बस.

गुडघा झाला. वर्कशॉपच्या मास्तरांनी विचारलं, कोणत्या माशाची पँट शिवतेस. पण टाका बघितल्यावर चष्मा लावून परत बघितला. तोंडणी पण आई तपासून आणणार आहे. मी तुझं नाव घेतलं नाही.

आईच्या पिशवीत क्लबचं जुनं पुस्तक सापडलं. तुला माहितीये मला वाचायला वेळ लागतो. अक्षराखाली बोट ठेवून एक पान दोन दिवस चालतं. पण यात हातांची चित्रं होती म्हणून धरलं. पाण्यात बोलता येत नाही म्हणून सगळं हातांनीच. मला ते फार आवडलं. पहिलं चित्र, बोट आणि अंगठा जुळवून गोल, म्हणजे मी ठीक आहे. दुसरं चित्र, मूठ मिटून अंगठा उभा, म्हणजे वर चला.

मामा, अंगठा! तू आईला अंगठा दाखवलास!

माझ्या वाचनाचा मला भरवसा नाही म्हणून मास्तरांना वाचायला दिलं. त्यांनीही तेच वाचलं. मग मी आईला आडून आडून विचारलं की त्या दिवशी झालं काय होतं. ती म्हणाली, बोटीत तिने तुझा नवा टॉर्च मागितला. तू म्हणालास मिळणार नाही, आणि सगळ्यांसमोर ठेंगा नाचवलास. मग खाली एका बिळात तिला ऑक्टोपस दिसला. तिने तुझ्या टॉर्चकडे बोट करून परत मागितला. तर तू परत तिच्या नाकासमोर ठेंगा धरलास. समुद्राच्या तळाशी जाऊनही ह्याचा खवचटपणा सुटत नाही, असं म्हणून ती बिनटॉर्चची निघून गेली.

तुझी हवा संपत आली होती हे तिला आजही माहीत नाही. मी अजून सांगितलं नाही. मला नीट मांडता येत नाही. तूच सांग ना. सांगितल्यावर लोभ वाढेल, दोन्हीकडचा.

गप्पू


दि. २१ फेब्रुवारी

चि. गप्पू हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी एका गिऱ्हाइकाच्या उघड्या फ्रीजसमोर बसून राहिलो. बाई घाबरल्या, त्यांना वाटलं कॉम्प्रेसर गेला.

टॉर्चचं खरं आहे. पार विसरलो होतो. ती बोटीत आल्यावर मी ओरडलो होतो की खूण दिसली नाही का. ती म्हणाली, दिसली, चांगली दिसली. बघ, दोघंही खरंच बोललो आणि खऱ्यापायी सहा वर्षं घालवली.

पण मी सांगून चालणार नाही. माझा फोन ती उचलत नाही, आणि पत्र आलं तर त्यात इस्त्रीच्या पावत्या बांधेल. तुलाच सांगावं लागेल. चिठ्ठी ठेवून नाही हं. तोंडाने. ती चिठ्ठीशी वाद घालेल, तुझ्याशी नाही घालणार. शोध तू लावलास, मग वरही तूच आण.

तुझा लोभी (टॉर्चच्या बाबतीत),
मामा


दि. २६ फेब्रुवारी

चि. भाऊ यास,
अ. आ. (देऊ नयेत असं वाटत होतं, तरी.)

काल तुझी भाची येऊन माझ्या इस्त्रीच्या टेबलासमोर उभी राहिली. माझ्या पाच चादरी झाल्या तरी उभीच. मी विचारलं, पोटात दुखतंय का. तर बोलायला लागली. टॉर्च, काटा, अंगठा, तुझी दहा मिनिटं, सगळं. मला पटेना, तर पुस्तक उघडून, अक्षराखाली बोट ठेवून, मोठ्याने वाचून दाखवलं. वर्गात उभं राहून एक ओळ वाचता येईना म्हणून नववीत शाळा सोडलेली पोर, भाऊ. लाँड्रीतल्या चौघींसमोर. अडखळली, थांबली, परत वाचलं. माझी एक चादर करपली.

चूक तुझी आहे. बोटीत ठेंगा नाचवणाऱ्याने खाली तोच अंगठा दाखवायचा नसतो. पण हवा संपत आलेल्या माणसाला सोडून मी ऑक्टोपसमागे गेले, हे कळल्यापासून घास उतरत नाही. हे एकदाच लिहिते. पुन्हा म्हणायला लावू नकोस.

आता अटी. बोटीत ठेंगा बंद, कायमचा. टॉर्च माझ्याकडे. उतरण्याआधी दोघांनी एकमेकांचे काटे पाहायचे. आणि माझ्या फिन्सना हसायचं नाही. सरांनी आधी तलावात उजळणी घ्यायला सांगितली आहे, ती तूही घे, पोट सुटलं असेल. मग आठ मार्चला बोट आहे. जोडीदाराच्या रकान्यात तुझं नाव घातलंय, खोडायला लावू नकोस.

लोभ होताच. माळ्यावर ठेवला होता, मास्कबरोबर.

ताई


दि. १० मार्च

ती. मामा यास,
सा. न. वि. वि.

तू तिथेच होतास, तरी लिहिते, कारण तिथे मी काहीच बोलले नाही.

तुम्ही दोघं बोटीवरून मागे पडलात ना, धप्प करून, तेव्हा मी घड्याळ धरून बसले. बुडबुड्यांची दोन वर्तुळं दिसत होती. कधी जवळ, कधी लांब, पण दोन. मध्ये एकदा एकच दिसलं तेव्हा मी सरांचा सदरा धरला. ते म्हणाले, दोघं शेजारी शेजारी आहेत म्हणून एक दिसतं. चौतीस मिनिटांनी तुमची डोकी एकदमच वर आली आणि तुमचं भांडण आधीच सुरू होतं. ऑक्टोपस आधी कुणाला दिसला यावरून. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

आई म्हणाली, गुडघा जराही गार पडला नाही, बाकी सगळा सूट गळका. सरांनी टाका बघितला आणि क्लबचे फाटके सूट मला द्यायचं ठरवलं. आठवड्याला दोन. मी मान हलवली. तूच माझ्या वतीने बोललास, पण पुढच्या वेळी मी बोलेन.

आता खरी गोष्ट. किनाऱ्यावर आल्यावर सरांनी मला पायऱ्यांशी छातीभर पाण्यात उभं केलं, ती तोंडणी दिली, आणि तू नि आई शेजारी होतात. मी डोकं खाली घातलं. मामा, तिथे सगळेच माझ्यासारखे आहेत. तू पण गप्प, सर पण गप्प, आई पण गप्प, आई! कुणी म्हणत नाही, बोल की गं. माझाच श्वास मला ऐकू येत होता, आणि वाळूवर एक एवढुसा मासा माझ्या बोटाला हुंगत होता.

थोड्या वेळाने तू अंगठा वर केलास. मी पण लगेच केला. मग मी येत नाही बघून तू मला दंडाला धरून वर काढलंस आणि सगळ्यांना सांगत सुटलास, पोरगी किती तयार, वर चल म्हटलं की त्याच खुणेने होकार, अगदी पुस्तकात आहे तसा. आणि मला ओढून का काढावं लागलं, तर म्हणालास, बिचारीला उठता येत नव्हतं.

मला उठता येत होतं, मामा. तुझी खूण मला कळली होती.

मी तुला ठेंगा दाखवला होता.

लोभ असू दे. आणि पुढच्या वेळी मला जरा जास्त वेळ खाली राहू दे.

तुझी,
गप्पू