खुर्चीत काय आठवावं

सोमवार, ४
आज दवाखान्याच्या मागच्या खोलीत राहायला आलो. खोली छान आहे. मोठी खिडकी, टेबल, धुतलेले पडदे. उद्यापासून दहा दिवस, रोज वीस मिनिटं, डोक्याला चुंबकाची चकती लावणार. कापाकापी नाही, नुसती टकटक. सिगारेटची ओढ जाते म्हणे. सिगारेटनं ताईची फुप्फुसं गेली; ती जाण्याआधी सोडीन म्हणून तिला शब्द दिला होता. म्हणून आलो.

मंगळवार, ५
चकती धरणाऱ्या बाई बोलक्या आहेत. म्हणाल्या, आधी तलफ पेटू द्या, मगच ती मारता येते. त्यासाठी न पेटवलेली सिगारेट हातात देतात आणि ओढतानाचा आवडता प्रसंग आठवायला सांगतात. मी ताई आठवली. जिन्यात बसून आम्ही एकच सिगारेट अर्धी अर्धी ओढायचो. राख माझ्या बुटात झाडून ती म्हणायची, डोक्यात शिरत नाही, निदान पायातून तरी अक्कल भरते. बाईही हसल्या.

शुक्रवार, ८
एकही ओढली नाही. खुर्चीत रोज ताईचाच नवा प्रसंग आठवतो. तेवढी तलफ दुसऱ्या कशानं येत नाही. आज मंगळवारचं पान वाचलं. बुटात राख? असं काही झाल्याचं आठवत नाही.

रविवार, १०
भाऊजींचा फोन आला. ताईची शाल पाठवू का, विचारत होते. मी विचारलं, कोणाची? ते म्हणाले, थट्टेलाही मर्यादा असते रे.
मी थट्टा करत नव्हतो.

सोमवार, ११
बाई म्हणाल्या, यंत्र तलफ घेतं, माणसं नाही. खोटं. जे आठवतो तेच जातं. निघतो म्हणालो, तर संमतीपत्रावरची माझी सही दाखवली. दहा दिवस पुरे होईपर्यंत सुटका नाही.
ताई होती हे आता वहीतूनच कळतं. फक्त तिचं हसणं उरलंय. ते देणार नाही. उद्या खुर्चीत या बाईच आठवणार. बघू कोण पुसलं जातं.

बुधवार, १३
दाराशी कुणी बाई आहे. पांढरा कोट. मला नावानं हाक मारते. मी हिला ओळखत नाही —
म्हणते, काल छान झालं, दोनच दिवस राहिलेत, हट्ट सोडा.
वही वाचली. अक्षर माझंच. म्हणजे हीच ती.
हसणं अजून ऐकू येतं. जमलं मला —

दुपार
सांगितलं, येणार नाही. टेबल दाराला लावलंय. किल्ली फिरतेय —
म्हणते, भाऊ, नुसते बसा, काहीही आठवा —
बसवलंच तरी हसणं देणार नाही. दुसरं आठवायला काय उरलंय? फक्त मी —