गायरान कुठवर होतं

१६ ऑगस्ट २००४
बी.ए. शेवटचं वर्ष. सरांनी आज प्रकल्प वाटले. म्हणे इतिहास नुसता राजांचा नसतो. रानाचा, पाण्याचा, गुरांचापण असतो. आपापल्या गावाचा लिहा. वर्ग हसला. मला हसू आलं न्हाई. जोडीला माधव, आमच्या तांड्याखालच्या गावातला. तीन वर्षं गोरेगावहून एकाच जीपनं कॉलेजला येतो-जातो, बोलणं फार तर 'सरका' एवढंच. विषय त्यानंच काढला, गायरान. गाव आन् तांडा दोघांच्या गुरांची चराई होती ती. आता समदं सोयाबीन.

५ सप्टेंबर
म्हाताऱ्यांना विचारत फिरून राहिलो. गावात तो विचारतो, तांड्यात मी. आमच्याकडचे गोरमाटीत, आमच्या बंजारा बोलीत बोलतात, मी मराठी करून सांगते, तो लिहितो. आज तांड्याचे नाईक लदेणीचं बोलले. बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलूख फिरायचे, या माळावर चारा दिसला म्हणून टेकले. मा. लिहायचं सोडून ऐकतच बसला. (यापुढं नुसतं मा. दादा कधीमधी वही उघडतो.)
आईला तुमच्यात काय म्हणतात, विचारलं त्यानं. याडी, म्हटलं. जीपच्या अड्ड्यापर्यंत घोकत आला.

२१ ऑक्टोबर
अड्ड्यावर चहा घेतला. जीप भरेना. बरं वाटलं, कधी नव्हे ते.
दिवाळी झाली की घरी बोलतो म्हणाला. कशाबद्दल ते मी विचारलं न्हाई, त्यानं सांगितलं न्हाई. दोघांनाही बराबर कळलं. जीपमधून उतरताना माझी चप्पल तुटली तरी मी अनवाणीच हसत घरी.

२ डिसेंबर
वाईट दिवस.
गायरान कुठवर होतं ते दाखव म्हणून माझ्या बाला माळावर नेलं. नाल्यापासून पार वरच्या पळसांपर्यंत हात फिरवला त्यानं. मोठ्या दुष्काळात तांडा गुरं घेऊन लांब कामाला गेला होता. परत आला तर अर्धं गायरान नांगरलेलं. बांध घातलेला. नांगर मा.च्या आज्याचा. गुरं उभी करायला जागा न्हाई. आमच्या घरच्या गाई तवाच गेल्या. एवढं बोलायला बाला किती वेळ लागला.
मी म्हटलं, मला काहून सांगितलं न्हाई?
"बाई, सांगायचं काय त्यात? समद्यांलाच माईत हाय. आन् कामाला जायचं त्यांच्याच शेतात."
मा.चं नाव मी घरात कधी काढलं न्हाई. तरी उतरताना बा म्हणाला, "पोरगं चांगलं हाय ते."
रडू आलं. ओढणीआड.

१४ डिसेंबर
मा.ला सांगितलं. त्याला ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं, तोंडावरून कळलं. मग म्हणाला, तेवढं प्रकल्पात नको टाकू.
"घरात तुझं नाव काढायचंय मला. अन् आधी हे त्यांच्या कानावर गेलं तर?"
मग काय लिहू, म्हटलं.
"दुष्काळात गेलं, असं लिही."
दुष्काळात गवत जातं. जमीन कशी जाईल? एवढंच बोलले मी. पुढची जीप आली तर तो एकटाच चढला.
बोलले ते बरोबर होतं. तरी जेवण गेलं न्हाई.

१५ जानेवारी २००५
संक्रांत झाली. तो जीपमध्ये पुढं बसतो. मी मागं.
त्या भागाचं सगळं लिहून झालं. एकटीनं. नाव टाकलं न्हाई कुणाचं. 'गावातल्या एका घरानं' असं लिहिलं. त्यानं न वाचता सही केली. का वाचून? विचारायची हिंमत झाली न्हाई.

२५ फेब्रुवारी
तोंडी परीक्षा. दोघं शेजारी उभे. एक्स्टर्नल सरांनी पानं चाळली, मला विचारलं, "हे 'एक घर' कुणाचं?" मी खाली बघत राहिले.
मा. बोलला, "आमचं, सर. आजोबांनी नांगरलं. अजून आमीच पेरतो."
सर म्हणाले, बसा.
बाहेर व्हरांड्यात मी त्याला माफ कर म्हणणार होते. तो हसला. कितीतरी दिवसांनी. म्हणाला, आज घरी बोलतो. दोन्ही.

११ मार्च
मा. जीपला न्हाई. कॉलेजात न्हाई. आज त्याची बहीण अड्ड्यावर भेटली. इकडं तिकडं बघत बोलली. त्यानं खरंच दोन्ही सांगितलं, एका बैठकीत. जमिनीचं बापानं ऐकून घेतलं. माझं नाव निघालं तशी आई भिंतीला डोकं टेकून बसली. मग मामा आले. वसमतला नेलं त्याला, हळदीच्या अडतीवर बसवलंय. पोरगी बघितली.
"तुझा दादा काही बोलला का, माझ्यासाठी?" मी विचारलं.
"बोलू कुठं दिलं," म्हणाली.
बाला त्यांच्या शेतात कामाला बोलावणं बंद. बा मला एका शब्दानं बोलला न्हाई. बोलला असता तर बरं.

१९ एप्रिल
इतिहासाचा पेपर. मा. आला होता, मामा गेटवर उभे. वाळलाय. पेपर सुटल्यावर गर्दीत माझ्या बाजूनं गेला. थांबला न्हाई. हाताला हात लागला. मुद्दाम की गर्दीनं, देव जाणे.

२३ मे
आज त्याचं लग्न. बँड वर तांड्यापर्यंत ऐकू आला. याडीनं मला दिवसभर कामाला लावलं, एक झालं की दुसरं. आमचं तिला कुणी सांगितलं?
सर म्हणतात एम.ए. कर, औरंगाबादला. बघू.

२७ जून
पेरण्या झाल्या. सगळीकडं झाल्या, नाल्याकडची पट्टी तेवढी तशीच पडून. जुन्या गायरानातली, मा.च्या घरची. दादा म्हणतो ट्रॅक्टर बिघडला असेल. नाईक म्हणतात, लग्नाला उभं राहण्याआधी पोरानं बापाकडून पट्टी गुरांना सोडायचा शब्द घेतला. खरं काय, कुणाला विचारू?
सकाळी तांड्यातली शेरडं तिथं शिरली. कुणी हाकललं न्हाई. बा दारात येऊन म्हणाला, "चल, बघून येऊ."
मी न्हाई गेले.