वेल्डिंग केलेली रिकीब

वडनेर,
१९ फेब्रुवारी २००३

प्रिय जयवंता वहिनींना शकूचा नमस्कार.

तिकडे आष्टीला सगळे बरे असाल. तुमच्या आईचे गुडघे कसे आहेत? इकडे कपाशीची उलंगवाडी झाली, शेवटचा वेचा संपला, चणा घरात आला. मी ठीक आहे. उजवा हात सुजलाय, म्हणून अक्षर वाकडं येतंय.

इतक्या वर्षांनी हिला आज वहिनी बरी आठवली, असं म्हणाल. म्हणा. माझ्या जिभेनं तुम्हाला याहून तिखट ऐकवलं आहे.

हिंगणघाटच्या किराणावाल्या हिरालालच्या भूपेंद्रनं जमिनीतलं लोखंड-पितळ हुडकणारं मशीन आणलंय. जुनी नाणी शोधत गावोगाव फिरतो. काल बबनदादा बाजारात गेला होता, म्हणून विहिरीकडच्या पडीत तुकड्यात मीच त्याला फिरू दिलं. दादा तिथं कधी नांगर घालू देत नाही, तुम्हाला माहीतच आहे. मशीन बोंबललं. आपले सालदार नत्थूजी खणायला लागले. आधी नाल निघाला, मग लगाम, मग पाय ठेवायची रिकीब. भूपेंद्र नाचायलाच लागला. भोसल्यांचे घोडेस्वार काय, लढाई काय! मग त्यानं रिकीब रॉकेलनं पुसली आणि त्याचं तोंडच उतरलं.

तेवढ्यात दादा आला. भूपेंद्र हसून म्हणाला, "काका, जुनं नाई जी हे. हे पाहा, वेल्डिंग हाय. भोसल्यांच्या जमान्यात वेल्डिंग कुठून आलं?"

बस, एवढंच. दादाचं नाव कोणी घेतलं नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं. त्यानं नत्थूजींच्या हातचं फावडं हिसकलं आणि पोराच्या डोक्यात घातलं. कान लोंबायला लागला, वहिनी. पोरगं पडलं तरी दादा दुसरा घाव घालायला निघाला. नत्थूजींनी कंबर धरली, तर कोपरानं त्यांचे दात पाडले. "बुजवा तो खड्डा! पयले बुजवा!" असं ओरडत होता.

रिकीब माझ्या पायाशी पडली होती. ते वेल्डिंग मी ओळखलं. आपल्या वरातीच्या घोडीची रिकीब एका नवरदेवाला मारोतीला नेताना तुटली होती. ती जोडून आणायला तुमच्या नवऱ्यासोबत, आपल्या रूपरावसोबत, हिंगणघाटला मीच गेले होते. रूपराव घोडी घेऊन कोण्या बाईसोबत पळाला, हे गावभर दादानंच केलं. तुम्हाला घराबाहेरही त्यानंच काढलं.

मी विचारलं, "दादा, रूपराव कुठी हाय?"

"हिस्सा मांगत होता."

"कुठी हाय?"

"घोडीच्या खाली. घोडी वापस आली असती त तो पयून गेला हे कोनं मानलं असतं? तिलेबी मारा लागलं. लय वेळ मरून नाई राह्यली होती."

हळहळ कसली, तर घोडीची! लगाम माझ्या हातात कधी आला ते कळलं नाही. पहिला वार त्याच्या तोंडावर बसला. तो खड्ड्यात पडला, मीही उतरले. तो "शके, शके" म्हणत राहिला आणि मी मारत राहिले. हात उचलेना तेव्हा थांबले. दादा तिथंच गेला. नवरा वारल्यावर मला यानंच घरात घेतलं होतं, वहिनी. रडू आवरत नाही, पण पुन्हा तसंच झालं तर पुन्हा मारीन.

भूपेंद्र दवाखान्यात आहे, वाचेल म्हणतात. गावचे चार शहाणे येऊन बसलेत. "शकुबाई, बबनराव पाय घसरून पडले, असं सांगजा. खड्डा आमी बुजवतो. घराची अब्रू राह्यते." पोरगंही म्हणे त्यातच पडलं. एवढ्याशा खड्ड्यात माणसं पडणार तरी किती!

खड्डा बुजला की रूपराव पळालेलाच राहील आणि तुम्ही टाकलेल्या. ते मी होऊ देणार नाही. आता ठाण्यात जाते, झालं तसं सांगते. मग त्यांना खणावंच लागेल.

वहिनी, त्यानं तुम्हाला सोडलं नव्हतं.

नत्थूजी हे पत्र घेऊन येतील, त्यांच्याच गाडीवर निघा. रूपरावला वर काढतील तेव्हा काठावर त्याचं माणूस हवं. मला तिथं उभं राहू देणार नाहीत.

रूपरावची बहीण,
शकू