पात्यातला आवाज

सोमवार, ३ तारीख

आज टिक् झालं. एवढंसंच — नख मोडावं तसं.

तलवारीच्या खेळवाल्या मास्तरांसाठी तलवारींची जोडी करतोय. पहिल्या पात्याला पाणी दिलं, म्हणजे तापवून तेलात विझवलं, आणि शेजारी वाळूत ठेवलं. दुसरं लालबुंद करून तेलात सोडलं, वर काढलं आणि टिक्! भात्यापाशी मेहुणा होता. त्याला विचारलं, "ऐकलंस?" तर म्हणतो, "दाजी, तुम्हाला मुंगी खोकलेलीपण ऐकू येते!" हसलो. पण पोलाद तडकतं तेव्हा असंच बोलतं. एकदाच.

मंगळवार, ४

दुसरं पातं भिंगाखाली इंच न् इंच पाहिलं. चीर नाही. टांगून लाकडानं ठोकलं — खणखणीत! तरी धीर होत नाही. दुसऱ्या लोहाराकडे भाता ओढत होतो, तेव्हापासून या कानांवरच वर आलो. आता ते खोटे ठरवू?

दिसणारी चीर परवडली. न दिसणारी भर खेळात उघडते. मास्तर जीव खाऊन वार करतात, समोर त्यांची लेक अडवते. तुकडा उडाला तर? तिचा गळा उघडा असतो.

बुधवार, ५

मास्तर आले. "एक तरी द्या हो, पोरीचा हात बसू दे." पहिल्याला मूठ चढवली होती, ते दिलं. पोरीनं दोनदा फिरवलं. "काका, किती हलकं!" दुसऱ्याचं विचारलं, तर मी म्हणालो, "घासायचं राहिलंय."

खोटं! का बोललो? वीस वर्षांत माझं एक पातं परत आलं नाही, असं मीच गावभर मिरवलंय ना.

गुरुवार, ६

घास उतरेना. ही म्हणाली, "चोरी पकडल्यासारखं तोंड काय केलंय?" सगळं ओकलो. "नाक गेलं तर जाऊ दे तुमचं. पोरीचा जीव मोठा की तुमची शेखी?"

मास्तरांना फोन केला — दुसरं तडकलंय, मिळणार नाही. भडकले. मग म्हणाले, "बरं. शनिवारच्या खेळाला मी माझी जुनी घेतो, पोरगी तुमच्या नव्यानं खेळेल." चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

शनिवार, ८. दुपारी सव्वाचार

ते दुसरं पातं आज मोडलं. चीर डोळ्यांनी बघायची होती. व्हाइसच्या जबड्यात आवळलं, घण घातला. सहजी मोडेना! चार तुकडे केले. तडकलेल्या जागी तेल शिरून काळी रेघ उमटते. चारही तोंडं राखाडी, स्वच्छ, बारीक दाण्याची. "चांगलं पातं वाया घालवलंत, दाजी," मेहुणा म्हणाला.

म्हणजे टिक् झालं ते वाळूतलं. पहिलं. ते मी ठोकूनसुद्धा पाहिलं नाही!

मास्तर फोन उचलत नाहीत. मेहुणा गाडी काढतोय. खेळ पाचला.