कॅमेऱ्याकडे पाहू नको

चंद्रपूर

माय, तुह्या पाया पडते.

घरी फोन लागत नाई, म्हणून हे पत्र आपल्या बसच्या कंडक्टरभाऊजवळ देऊन राह्यली. मी बरी आहो. मेसचं वरण पातळ आहे, पण पोट भरते. बाबाचा खोकला गेला का? एवढ्या थंडीत बाबा जाळं घेऊन तळ्यात काऊन उतरते?

दिवाळीत तू मासोळ्या साफ करताना मी शूटिंग केलं होतं, ते कॉलेजात दाखवलं. कॅमेऱ्याकडे पाहू नको म्हणून किती सांगतलं होतं तुले!

सर म्हणाले, "उजेड छान पकडलास. पण या बाई सारख्या कॅमेऱ्याकडेच बघतात. पुन्हा शूट कर."

मी म्हटलं, "सर, ती कॅमेऱ्याकडे नाई, माह्याकडे पाहून राह्यली."

शनिवारी कॅमेरा घेऊन येते. तशीच पाहजो.

तुही करिष्मा