कोरी पट्टी

प्रिय आई,

लांबूनच तुझ्या पाया पडते. मी मजेत आहे, हाताचा चटकाही बरा झालाय. तुझा गुडघा काय म्हणतो?

इथे लॉन्ड्रीत इस्त्री झालेल्या चादरींना आम्ही खुणेची कापडी पट्टी लावतो. काल जेवणाच्या सुट्टीत त्या पट्ट्यांवर प्रत्येकीनं मरण्याआधीची एक इच्छा लिहिली. एकोणीस वर्षांच्या पोरीला विमानातून उडी मारायचीय. साठीच्या मुकादमीणबाईंना पोहायला शिकायचंय. मी लिहिलं, ‘आईच्या कुशीत अख्खी दुपार झोपायचंय.’ बाई वाचून म्हणाल्या, “माझी वेळ गेली गं, आई राहिली नाही. तू लवकर जा.”

तुझी इच्छा मी कधी विचारलीच नाही. सोबत कोरी पट्टी पाठवतेय. ‘पोरं सुखात राहोत’ लिहिलंस तर परत पाठवीन. स्वतःसाठी माग.

तुझीच,
धाकटी